अलार्म बसवल्यावर बॅटरी उतरतेय?

सुपे-मोरगाव पट्ट्यात कुणी दुचाकीला बाहेरून अलार्म बसवला आणि आठवड्याभरात सेल्फ लागेना, तर नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावावा.

गाडी बंद असली तरी अलार्म करंट खातच असतो. तो २० मिलिअँपिअर असेल, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो; ३ अँपिअर-अवरची बॅटरी सहा-सात दिवसांत रिकामी!

चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि मल्टिमीटर अँपिअरवर लावून ती वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्या मधे जोडावा. तेव्हा सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो. मग अलार्मचा फ्यूज काढावा. आकडा धाडकन उतरला, की चोर सापडला.

सेल्फ फिरतो पण ठिणगी नाही? इग्निशनच्या वायरमध्ये घातलेला अलार्मचा रिले तपासावा. नुसता पिळून टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात हिरवा पडतो. तो कापून सोल्डर करावा, वर स्लीव्ह चढवावी.