नाव राजाचे, किंमत धातूची

दहाव्या शतकात चीनच्या अंमलातून मोकळ्या झालेल्या व्हिएतनामच्या गादीवर दिन बो लिन्ह आला आणि 970च्या सुमारास त्याने स्वतःची तांब्याची नाणी काढली. गोल नाणे, मधोमध चौकोनी भोक, भोवती चार चिनी अक्षरे. आपली शिवराई ठशाने ठोकून पाडली जाई. हे नाणे मात्र साच्यात ओतलेले. अक्षरांत राजाचा काळ कोरलेला असल्याने राजाच्या हुकमानेच ते चालत असणार, असे सहज वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. या नाण्यांची पत धातूने आणि बाजाराने ठरवली, अक्षरांनी नव्हे.

हो क्वी ली या सत्ताधीशाने 1396मध्ये कागदी चलन आणले, तांब्याच्या नाण्यांवर बंदी घातली आणि खोट्या नोटा छापणाऱ्याला देहदंड ठेवला. तरी हे चलन रुजले नाही. सतराव्या शतकात डच व्यापारी जहाजे भरून जपानी नाणी आणत आणि ती राजरोस बाजारात चालत. परक्या सम्राटाच्या नावाचे कुणालाच वावडे नव्हते. सर्वांत बोलका दाखला 1746चा. दक्षिणेतील राजा न्गुएन फुक ख्वात याने तांब्याच्या टंचाईमुळे जस्ताची नाणी ओतली. खासगी भट्ट्याही पेटल्या आणि हलकी, ठिसूळ नाणी बाजारात आली. लोक ती घेईनात. ज्यांच्याकडे भात होता त्यांनी तो दडवला आणि भाव कडाडले. 1771मध्ये ताय सोन बंड पेटले. त्याचे हे एकमेव कारण नव्हे, पण भुकेने त्या आगीत तेल ओतले यात शंका नाही.

नावाला किंमत नव्हती तर प्रत्येक राजा नाणी का काढी, असे कुणी विचारेल. चीनशेजारी स्वतःचा राजकाल नाण्यावर ओतणे ही स्वातंत्र्याची घोषणाच होती; तिचे मोल राजकीय होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: एकोणिसाव्या शतकात तर जस्ताची नाणीच सर्रास चालली. खरे आहे, पण ती तांब्याच्या बरोबरीने नव्हे. तू दुक सम्राटाच्या तांबूस नाण्याच्या पाठीवर ‘सहा’ असा आकडा आहे, म्हणजे एका नाण्याला जस्ताची सहा. बाजाराने काढलेला फरक दरबाराने स्वतःच ओतून मान्य केला. एखाद्या संग्रहात असे नाणे पाहायला मिळाले, तर दर्शनी अक्षरांवर थांबू नका. ते उलटे करून पाठ जरूर पाहा.