राडारोडा व त्याची बेकायदा विल्हेवाट

राडारोडा व त्याची बेकायदा विल्हेवाट : इमारती व रस्ते बांधताना, दुरुस्त करताना किंवा पाडताना निघणाऱ्या विटा, दगड, काँक्रीट, गिलावा, फरश्यांचे तुकडे, माती इ. टाकाऊ पदार्थांना राडारोडा म्हणतात. ही संज्ञा पुण्याकडे विशेष रूढ असून मुंबईत मात्र ‘डेब्रिज’ हा इंग्रजी शब्दच मुकादमापासून अभियंत्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. हा कचरा कुजत नाही, त्याला दुर्गंधी येत नाही व तो पेटतही नाही. त्यामुळे त्याचा उपद्रव चटकन ध्यानात येत नाही. परवानगीवाचून तो रस्त्याकडेला, नदीनाल्यांत, खाडीकाठी किंवा मोकळ्या भूखंडावर टाकणे हा गुन्हा आहे. बृहन्मुंबईच्या परिसरात, जेथे मोकळी जमीन दुर्मिळ व बांधकाम अखंड चालू असते, तेथे या प्रश्नाचे स्वरूप सर्वांत ठळकपणे दिसते.

बेकायदा विल्हेवाटीचे मूळ अर्थकारणात आहे. राडारोडा वजनाने जड व किमतीने कवडीमोल असल्याने त्याच्या विल्हेवाटीचा बहुतेक खर्च वाहतुकीचाच असतो. वाहतूकदाराला फेरीमागे मोबदला मिळतो; नेमून दिलेली जागा दूर असेल, तर वाटेतच माल ओतल्याने इंधन वाचते आणि रात्रीत एखादी फेरी अधिक होते. याखेरीज दुसरे, अधिक गंभीर कारण आहे. खाजणात किंवा पाणथळ जागी भराव घातला की, तेथे जमीन तयार होते. अशी जमीन बळकावू पाहणाऱ्यास राडारोडा हवाच असतो व त्यासाठी तो वाहतूकदाराला पैसेही मोजतो. अशा वेळी टाकणारा दोन्हीकडून कमावतो. रस्त्यावरचा ढिगारा निष्काळजीपणाचा असू शकेल. खाडीकाठचा भराव बहुधा हेतुपुरस्सर असतो. दोहोंना एकच दंड लावणारी व्यवस्था म्हणूनच तोकडी ठरते.

भरावाखाली गाडली गेलेली कांदळवने (खारफुटी) मरतात, कारण त्यांच्या श्वसनमुळांना भरती-ओहोटीचे पाणी व हवा मिळेनाशी होते. नाल्यात पडलेल्या मलब्याने पावसाचे पाणी अडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून मुंबईत महापूर आला. भराव व अतिक्रमणे यांमुळे आक्रसलेल्या मिठी नदीच्या पात्राचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.

शहर स्वच्छ ठेवणे हे मुंबई महानगरपालिकेचे १८८८ च्या अधिनियमाने ठरविलेले बंधनकारक कर्तव्य आहे. पैसा नाही, या सबबीवर अशी कर्तव्ये टाळता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै १९८० रोजी रतलाम नगरपरिषदेच्या खटल्यात स्पष्ट केले. मध्य प्रदेशातील त्या गावाच्या एका प्रभागातील रहिवाशांनी उघडी गटारे व घाण यांविरुद्ध फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली होती. वकिली डावपेचांपेक्षा रहिवाशांच्या चिकाटीमुळे लक्षात राहावा, असा हा खटला आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करविण्याची ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आली असून राडारोड्याच्या बाबतीतही तिचा आधार घेता येतो.

मुंबईसाठी स्वच्छता व आरोग्यविषयक उपविधी २००६ मध्ये आले. कांदळवनांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश देऊन तेथे कचरा व राडारोडा टाकण्यास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला गेला; त्यांभोवतीचा ५० मी.चा पट्टा संरक्षित मानण्यात आला आणि तक्रारी नोंदविण्याची यंत्रणा उभारण्यास शासनाला सांगण्यात आले. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून अस्तित्वात आहे.

तक्रार व तिचा प्रवास : राडारोडा टाकण्याचे कृत्य काही मिनिटांत उरकते, ढिगारा मात्र महिनोन्‌महिने राहतो. साहजिकच बहुतेक तक्रारी ढिगाऱ्याविषयी येतात, टाकणाऱ्याविषयी नव्हे. महानगरपालिकेकडे १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर, विभाग कार्यालयात समक्ष किंवा लेखी, तसेच केंद्र शासनाच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वच्छता’ या भ्रमणध्वनी-उपयोजनाद्वारे तक्रार करता येते. ती विभागाच्या घनकचरा व्यवस्थापन खात्याकडे जाते. जागेची पाहणी होते व ढिगारा उचलला जातो. तेवढ्याने तक्रार ‘निकाली’ निघते. गुन्हा अनिर्णितच राहतो. दंड करावयाचा तर दोषी व्यक्ती किंवा वाहन हाती लागावे लागते, आणि उपद्रव शोधकांची संख्या रात्रभर प्रत्येक नाक्यावर पाळत ठेवण्याइतकी कोठेच नसते.

म्हणून तक्रारीचा खरा उपयोग तिच्यातील तपशिलावर अवलंबून असतो. वाहनाचा नोंदणी क्रमांक, तारीख व वेळ, जवळची ठळक खूण, छायाचित्र आणि शक्य असल्यास माल कोणत्या बांधकामावरून भरला, ही माहिती मिळाल्यास परिवहन खात्याच्या नोंदींवरून मालकापर्यंत पोहोचता येते. एकाच जागी ठरावीक वेळी गाड्या येतात असे आढळल्यास ते अवश्य कळवावे, कारण पथकाला त्यावरून सापळा लावता येतो. रात्री वाहनचालकास स्वतः अडविणे धोक्याचे असते. चालू प्रकाराची वर्दी पोलिसांना ११२ या क्रमांकावर देणेच इष्ट.

दुसरी अडचण जमिनीच्या मालकीची. मुंबईतील मोकळी जागा महानगरपालिका, जिल्हाधिकारी, वन विभाग, रेल्वे, बंदर प्राधिकरण, मिठागरे यांच्यात विभागलेली आहे. एकाच खाडीकाठी शंभर पावलांत तीन यंत्रणांच्या हद्दी लागू शकतात, आणि तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्याकडे ‘वर्ग’ होत राहते. दरम्यान भराव वाढतो, त्यावर वाट पडते व कालांतराने झोपडी किंवा गोदाम उभे राहते. मग प्रश्न कचऱ्याचा न राहता अतिक्रमणाचा होतो आणि त्यात बहुधा गरीब भाडेकरूच रस्त्यावर येतो. तक्रार क्रमांक जपून ठेवून तीवरील कार्यवाहीची माहिती २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली मागणे, हा या टोलवाटोलवीवर रहिवाशांच्या हाती असलेला परिणामकारक उपाय होय. हद्दीचा प्रश्न शहराशहरांतही उद्‌भवतो. मुंबईतील राडारोडा खाडीपूल ओलांडून नवी मुंबईत टाकला जात असल्याने तेथील महानगरपालिकेला खास भरारी पथके नेमावी लागली.

टाकणाऱ्याचा पाठलाग करण्यापेक्षा निर्माण करणाऱ्यावर जबाबदारी टाकणे सोपे, हा विचार अलीकडच्या नियमांत प्रबळ दिसतो. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांना तो वेगळा करून त्याच्या व्यवस्थापनाची योजना आधीच मंजूर करून घेणे भाग पाडले. मुंबईत कचराभूमींच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ते तात्पुरते शिथिल केले, तेव्हा राडारोड्याच्या सुरक्षित विल्हेवाटीची अट घातली. भारतातील अशा मलब्यावर प्रक्रिया करणारा पहिला प्रकल्प २००९ मध्ये दिल्लीत बुराडी येथे सुरू झाला. मुंबईसाठी दहिसर व शिळफाटा येथे दिवसाला प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रकल्प त्यानंतर पुष्कळ उशिरा उभे राहिले. त्यांतून मिळणारी खडी व वाळू पदपथाचे ठोकळे, कठड्याचे दगड इत्यादींसाठी वापरता येते.

२०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या व १ एप्रिल २०२६ या तारखेपासून लागू करण्याचे ठरलेल्या नव्या नियमांनी २०,००० चौ. मी. व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर उत्पादकाची विस्तारित जबाबदारी टाकली आहे. घरोघरच्या स्वयंपाकघरांच्या व स्नानगृहांच्या दुरुस्तीतून गोण्यांनी निघणारा माल या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो. त्यासाठी महानगरपालिकेची दूरध्वनीवरून मागणी नोंदवून राडारोडा नेण्याची सेवा आहे. मात्र रहिवासी बहुधा ते काम ठेकेदारावर सोपवितो आणि गोण्या कोठे गेल्या याची चौकशी करीत नाही.