हरमलला येण्याआधी

रोमला किंवा फ्लॉरेन्सला निघालेला माणूस महिनाभर आधी पुस्तक उघडतो. कोणता पूल कुणी बांधला, कोणत्या चर्चमध्ये काय बघायचे, गर्दीत पाकीट कुठे जपायचे, सगळे वाचून घेतो. गोव्यात हरमलला येणारा मात्र समुद्र, शॅक आणि भाड्याची स्कूटर एवढेच डोक्यात घेऊन उतरतो. म्हणून इथले बरेच सुख त्याच्या हातून निसटते आणि टाळता येण्याजोगा त्रास पदरी पडतो.

सगळ्यांत पक्का गैरसमज इतिहासाचा आहे: अख्खा गोवा साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांकडे होता. तसे नाही. तिसवाडी 1510 मध्ये गेली, बारदेश आणि साष्टी 1543 मध्ये. हरमल ज्या पेडणे महालात येते तो सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. डिचोली 1781 मध्ये, सत्तरी 1782 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा पेडण्यावरच्या त्यांच्या अमलाला पावणेदोनशे वर्षेही झाली नव्हती.

हा फरक नुसता सनावळीचा नाही, तो गावागावांत डोळ्यांना दिसतो. जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत, सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि लोकांनी देव उचलून नदीपार नेले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला आला तो असाच, कारण तिथे पोर्तुगिजांचा हुकूम चालत नव्हता. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. पुढे शंभरेक वर्षांनी पेडणे-डिचोलीसारखी नवी काबिजाद पोर्तुगिजांच्या हाती आली तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि देवस्थानांना हात न लावण्याचे त्यांना मान्य करावे लागले. म्हणून पेडण्यात भगवती, रवळनाथ, सातेरी ही दैवते आपापल्या जागी राहिली. कोजागिरीला पेडण्याची पुनव असते. त्या दिवसांत हरमलला असाल तर एक रात्र किनारा सोडून तिकडे जाच. देवांची तरंगे आणि लोटलेली माणसे पाहिली की हा तालुका कळायला सुरुवात होते.

हरमल हिप्पींनी वसवले, असेही छातीठोक सांगितले जाते. हणजुणे-कळंगुटला गर्दी वाढली तसे ते परदेशी पाहुणे उत्तरेकडे सरकले, एवढे खरे. पण ते आले तेव्हा इथे शेती होती, माड होते, गिरकरवाड्यावर होड्या होत्या. सकाळी लवकर किनाऱ्यावर गेलात आणि रापण ओढली जात असेल, तर थांबा. लांबच लांब जाळ्याची दोन टोके धरून माणसे पावलापावलाने मागे सरकतात, जाळे वाळूवर येते आणि कावळे, कुत्री, गिऱ्हाईक एकदमच गोळा होतात. हे फुकट बघायला मिळणारे सुख उशिरा उठणाऱ्याच्या नशिबी नाही.

खडकाच्या कडेने दुकानांची वाट चालत गेले की पलीकडच्या छोट्या पुळणीमागे तळे लागते. समुद्र इतका जवळ म्हणजे पाणी खारे असणार, असे नवख्याला वाटते. ते गोडे आहे, डोंगरातल्या झऱ्यांचे.

खरा घात मात्र समुद्रात होतो. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत दिसतो आणि लोक मुलांना घेऊन तिथेच उतरतात. किनाऱ्याला आलेले पाणी बहुधा अशाच पट्ट्यातून परत आत जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. आडवे, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडायचे, मग वळायचे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. आणि लाल बावटा असेल तर पाण्यात जायचेच नाही. जीवरक्षकाशी हुज्जत घालणारे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो.

हरमलजवळच्या तेरेखोलचा किल्ला पोर्तुगिजांनी बांधला, असे आतले सेंट अँथनीचे चर्च पाहून वाटते. किल्ला सावंतवाडीकरांचा, पेडणे महाल हाती येण्याच्या आधीच, 1746 मध्ये, पोर्तुगिजांनी जिंकलेला. त्याच वर्षी त्यांनी पेडण्यातले हळर्णही घेतले आणि त्या विजयाबद्दल व्हाइसरॉयला ‘अलोर्नाचा मार्किस’ हा किताब मिळाला. पोर्तुगालच्या एका बड्या घराण्याचे नाव आपल्या या खेड्यावरून पडले आहे! 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेद आफोंसो यांच्या सत्याग्रहींच्या तुकडीने याच तेरेखोलवर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पत्रादेवीला, सत्याग्रही कर्नैल सिंग पोर्तुगिजांच्या गोळीला बळी पडले. तिथले स्मारक हमरस्त्यालगत आहे, तरी गाड्या न थांबता पुढे जातात याचे वाईट वाटते.

केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट चुकली की दिवस वाया गेला, असे धक्क्यावर हिरमुसलेल्यांना वाटते. किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा, रेडीमार्गे गाडीने तेरेखोल गाठता येते. वळसा मोठा, पण वाट सुंदर. स्कूटर भाड्याने घेताना पाटी बघा: काळ्यावर पिवळी अक्षरे असतील तरच ती भाड्याने द्यायची गाडी. पांढऱ्या पाटीची घेतलीत तर पोलिसांनी अडवल्यावर भांडण तुम्हालाच निस्तरावे लागते. विमानाचे तिकीटही नीट वाचा. 5 जानेवारी 2023 पासून मोप्याचा विमानतळ सुरू आहे आणि तो याच तालुक्यात आहे. मोप्याचे विमान असताना दाबोळीच्या जुन्या विमानतळावर पोचलेल्याला चूक सुधारायला वेळ उरत नाही.

राहिले खाणे. हरमलात पिझ्झा-पास्ता चांगला मिळतो, तो खाऊ नका असे कोण म्हणेल? पण इथले पीक म्हणून काही नाही, हे खरे नव्हे. हरमलची मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे. घरोघरच्या हुमणाला आणि रेशादाच्या मसाल्याला ती लागते. पावसाआधी पुरुमेंताच्या, म्हणजे साठवणीच्या, दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती शोधा, आणि घेताना विकणारणीला विचारा, हरमलचीच ना?