दांडा गेला, बटण आलं

ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेत मंजूर झाला. त्या संध्याकाळी मी पणजीत मांडवीच्या काठावर होतो. पाऊस ओसरला होता आणि कॅसिनोच्या बोटी नेहमीसारख्या झगमगत होत्या. मोबाइलमधलं स्लॉट मशीन बंद होणार होतं. ते ज्याची नक्कल, ते मशीन समोर चालू होतं. तेव्हा ३३ वर्षांचा राग उफाळून आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने तीन चाकांचं ‘लिबर्टी बेल’ मशीन बनवलं. दांडा ओढायचा, चाकं फिरायची. पुढची कितीतरी वर्षं यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. कलाटणी मिळाली १९८४मध्ये. इंगे टेलनेस यांच्या पेटंटमुळे चाक कुठे थांबायचं हे चिप ठरवू लागली. डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावर मोजकी घरं. चिपमधल्या चाकावर त्याहून कितीतरी जास्त. जॅकपॉटला खेटून असलेल्या रिकाम्या घरांना चिपमध्ये जास्त जागा दिल्या, की ‘थोडक्यात हुकलं’ असं पुन्हा पुन्हा दिसतं. हुकलेलं काही नसतं, तसं दाखवलेलं असतं. दांड्याच्या जागी बटण आलं आणि हाताला विसावा उरला नाही.

गोव्यात हे मशीन १९९२मध्ये कायद्याने आलं. जुगारबंदीच्या १९७६च्या कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला मुभा दिली गेली. कायद्यात त्याला ‘इलेक्ट्रॉनिक करमणूक’ असं नाव मिळालं. त्या शब्दाला मी आजही माफ केलेलं नाही.

त्यानंतरचं दशक मी जवळून पाहिलं. तोवर आम्हाला माहीत होता तो मटका. मटक्यानेही घरं धुळीला मिळवली. पण ओपन आणि क्लोज हे आकडे फुटण्यामध्ये काही तास असायचे. आकडा लावलेला माणूस घरी यायचा, जेवायचा, बायकोचे चार शब्द ऐकायचा. कधी त्याचं मन बदलायचं. मशीनने हे मधले तासच काढून घेतले.

माझा एक मित्र कारकून होता. हॉटेलातल्या मशीनच्या थंडगार खोलीत मी त्याच्या शेजारी बसलो आहे. तीस रुपये लावून दहा परत आले तरी मशीन घंटा वाजवायचं, दिवे उजळायचे, आणि वीस रुपये गमावलेला माझा मित्र हसायचा. मोठी रक्कम लागली तरी उठायचा नाही. अजून खेळता येईल, एवढाच त्याला त्या पैशाचा अर्थ. आधी बायकोच्या पाटल्या गेल्या, मग प्रॉव्हिडंट फंड. आम्ही त्याला म्हणालो, ‘‘तुझ्या मनालाच लगाम नाही.’’

आम्ही चुकलो होतो. अमेरिकेत ब्रीन आणि झिमरमन या संशोधकांनी २००२मध्ये दाखवलं, की इतर जुगारांत व्यसन जडायला सरासरी साडेतीन वर्षं लागली, तिथे मशीनवर खेळणाऱ्यांना वर्षभर पुरलं. नताशा डाऊ शुल यांचं लास वेगासवरचं पुस्तक ‘अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन’ २०१२मध्ये आलं. व्यसनी माणूस जिंकायला नव्हे, तर भान हरपायला मशीनपुढे बसतो, हे त्यात वाचलं आणि मला तो हसणारा चेहरा आठवला.

पुढे हॉटेलांपाठोपाठ मांडवीत कॅसिनोच्या बोटीही आल्या, वाढल्या. फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी झाली. माझ्या मित्राच्या घराला तोवर उशीर झाला होता. शिवाय बेळगाव-कोल्हापूरहून येणाऱ्या पोरांसाठी मशीन तेच राहिलं. आपण दारात माणसाला अडवलं. मशीनच्या वेगाला हात लावला नाही.

तो लावता येतो. ब्रिटनने २०२१मध्ये ऑनलाइन स्लॉटवर अडीच सेकंदांपेक्षा कमी वेळाचा डाव आणि लावलेल्याहून जास्त परत न मिळताही होणारा जल्लोष, दोन्ही बंद केले. मांडवीतल्या प्रत्येक मशीनला गोवा सरकारने हेच नियम लावावेत. आणि तुमच्या घरात कुणी असा अडकला असेल, तर त्याच्या स्वभावाला बोल लावण्याआधी ते मशीन कसं बनवलंय, हे एकदा समजून घ्या.