रूट कॅनाल : दात वाचतो तो आतल्या स्वच्छतेमुळे

रात्री दाढेत कळ आली की आपण आधी लवंग दाबून धरतो, मग वेदनाशामक गोळी घेतो. दुखणे थांबले की दवाखान्यात जायचे राहून जाते. पण कीड दाताच्या आतल्या मऊ गरापर्यंत, म्हणजेच पल्पपर्यंत पोहोचली असेल तर गोळीने फक्त वेदना दबते, संसर्ग तसाच राहतो. अशा वेळी दात न काढता तो वाचवायचा मार्ग म्हणजे रूट कॅनाल.

फक्त घासून का भागत नाही?

दाताच्या मुळातली नलिका सरळ नळीसारखी नसते. तिला वळणे, कोपरे आणि केसासारखे बारीक फाटे असतात. डॉक्टर फाइल नावाच्या बारीक सुयांनी ती घासतात, पण भिंतींचा सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भाग फाइलच्या हाती लागतच नाही. तिथे लपलेले जिवाणू मारायचे काम औषधी द्रावणाचे असते. या धुण्यालाच इरिगेशन म्हणतात.

कोणती द्रावणे वापरतात?

सोडियम हायपोक्लोराइट : हे मुख्य द्रावण. ०.५ ते ६ टक्के तीव्रतेचे वापरतात. ते जिवाणू मारते आणि मेलेला गरही विरघळवते. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी याचेच सौम्य द्रावण वापरले जात असे.

ईडीटीए : घासताना भिंतींवर बसलेला चुऱ्याचा थर १७ टक्के ईडीटीए काढून टाकते.

क्लोरहेक्सिडिन : काही वेळा २ टक्क्यांचे वापरतात. मात्र ते हायपोक्लोराइटमध्ये मिसळले तर तपकिरी साका तयार होतो. म्हणून मध्ये सलाइन किंवा शुद्ध पाण्याने नलिका धुतात.

टोकापर्यंत कसे पोहोचते?

बाजूला छिद्र असलेली बारीक सुई मुळाच्या टोकापासून १-२ मिलिमीटर अलीकडे ठेवून द्रावण हळूहळू सोडतात. टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला तर द्रावण पुढे सरकत नाही. अशा वेळी अल्ट्रासोनिक कंपनांनी ते घुसळले की कानाकोपऱ्यात पोहोचते.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

* दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबरी पडदा लावणार का, हे आधी विचारा. त्याने द्रावण तोंडात जात नाही आणि लाळ दातात शिरत नाही.
* कोणत्याही औषधाची अॅलर्जी असेल तर सुरुवातीलाच सांगा.
* धुताना अचानक तीव्र कळ आली, जळजळ झाली किंवा ब्लीचसारखी चव लागली तर लगेच हात वर करा. हायपोक्लोराइट मुळाबाहेर गेले तर सूज येते आणि खूप दुखते.
* पहिल्या सिटिंगनंतर दुखणे थांबले म्हणून पुढची चुकवू नका. तात्पुरते सिमेंट निघाले तर लाळेतून जिवाणू पुन्हा आत जातात.
* उपचारानंतर दाढेवर सहसा कॅप बसवावी लागते. ती लांबवू नका.

घरातले ब्लीच दाताला लावण्याचा प्रयोग मात्र कधीही करू नका. त्याने तोंड भाजते.

आत घाण राहिली तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तोच दात पुन्हा सुजू शकतो आणि उपचार नव्याने करावे लागतात. म्हणून डॉक्टर बराच वेळ नलिका धुत बसले तर कंटाळू नका. तुमचा दात टिकतो तो त्याच वेळामुळे.