पाण्यापलीकडचं गाव आणि करी रोडची खोली

करी रोडचा पूल उतरून लालबागच्या बाजूला वळलं की ज्या चाळी लागतात, त्यांतल्या एकीत माझं बालपण गेलं. दुसऱ्या मजल्यावर, सामाईक नळाच्या पलीकडे, अगदी टोकाला एक खोली होती. तिथं कुणाचं बिऱ्हाड नव्हतं, तरी ती कधी रिकामी नसायची. दहा बाय बाराची जागा. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, भिंतीला ओळीनं खुंट्या, कोपऱ्यात वळकट्यांची चळत आणि प्रत्येक वळकटीला बांधलेली नावाची चिंधी. गिरणीची पाळी सुटली की एक जण येऊन आपली वळकटी पसरायचा, तोवर दुसरा आपली गुंडाळून कामाला निघालेला असायचा. ही खोली सातारा जिल्ह्यातल्या एका गावाची होती. गिरणगावात अशा खोलीला गाळा म्हणतात.

दाराच्या आतल्या अंगाला खिळ्यावर एक कागद टांगलेला असे. त्यावर शाईनं लाँचच्या वेळा लिहिलेल्या. सकाळची, दुपारची. खाली एक ओळ: मे महिन्यात पाणी पाहून.

मला लाँच म्हटलं की भाऊचा धक्का एवढंच माहीत. डोंगरातल्या माणसांना लाँच कशाला? गाळ्याचा कारभार बघणाऱ्या नानांना मी विचारलं. ते म्हणाले, "बाळा, आमची वाट पान्याखाली गेलीया. आमची यष्टी आता पान्यावरनं चालती."

त्या वाक्याचा उलगडा व्हायला मला बरीच वर्षं लागली. आणि जसजसा तो होत गेला, तसतसं नवल वाढतच गेलं.

नानांचं पाणी म्हणजे शिवसागर, कोयना धरणाचा जलाशय. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या रांगेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहते आणि कराडला कृष्णेला मिळते. वाटेत तापोळ्याच्या आसपास सोळशी आणि कांदाटी या नद्या तिला येऊन मिळतात. या तीन नद्यांची खोरी म्हणजे जावळीचा जुना, गर्द, घाटवाटांचा मुलूख. नदीकाठी सपाट जमीन थोडी, पण चांगली. भात तिथंच पिकायचा, आणि गावाहून गावाला जाणारी पायवाटही नदीच्याच कडेनं जायची.

१९५४ साली कोयनेवर धरणाचं काम सुरू झालं, १९६४ पर्यंत ते उभं राहिलं. १०३ मीटर उंचीची भिंत आणि १०५ टीएमसी साठा. पाणी भिंतीपासून उत्तरेकडे सुमारे ५० किलोमीटरपर्यंत खोऱ्यात शिरलं. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. कितीतरी कुटुंबं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली. काही मात्र गेली नाहीत. ती डोंगर चढून वर सरकली आणि पाण्याच्या कडेला नवी घरं बांधून राहिली. खालची सपाट जमीन गेली आणि तिच्याबरोबर ती पायवाटही गेली. समोरचं गाव पूर्वीइतकंच जवळ दिसतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. पण मध्ये पाणी आहे.

या पाण्याचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. कोयनेचं पाणी मुळात पूर्वेला, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. आता त्यातलं बरंचसं सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळतं आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळतं. तिथून कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथं पुन्हा एकदा वीज देतं आणि मग वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. वर्षाला किती पाणी असं पश्चिमेला न्यायचं, याचा आकडा कृष्णा पाणीवाटप लवादानं ठरवून दिला आहे: ६७.५ टीएमसी. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. साठच्या दशकात ही वीज मुंबईकडे आली. शिवसागराच्या काठची माणसं त्याच मुंबईत, गिरण्यांच्या खात्यांत उभी होती. शेत पाण्याखाली गेलेला माणूस आणि त्या पाण्याची वीज, दोघंही एकाच शहराला आले. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता काठावर उरलेल्या गावांचं रोजचं जगणं कसं चालतं ते पाहू. बामणोली आणि तापोळा ही या पाण्यावरची दोन मोठी नाकी. साताऱ्याहून कासच्या पठारावरून उतरलं की बामणोली, महाबळेश्वरहून उतरलं की तापोळा. तिथून पुढं जिल्हा परिषदेची लाँच, नाहीतर गावातल्या होड्या. लाँचमध्ये माणसं, रेशनचं धान्य, सिमेंटची पोती, कोंबड्यांच्या डालग्या, नवरा-नवरी, सगळं एकाच फळीवरून चढतं. जीपगाड्या पलीकडे न्यायला तराफा आहे, सपाट पाठीचा. त्यावर गाडी चढवतात आणि चाकांखाली दगड लावतात. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीतून काठापर्यंत आणायचं, तिथून पाण्यावरून न्यायचं, आणि पुन्हा पुढं गाडी शोधायची. बाळंतीण असेल तर दिवस भरण्याआधीच तिला नात्यातल्या कुणाकडे अलीकडच्या काठावर आणून ठेवायचं, हा तिथला शहाणपणा.

शाळेचं घ्या. जावळी तालुक्यातल्या खिरखंडी गावच्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडायच्या, मग जंगलातून चार किलोमीटर चालत अंधारीच्या शाळेत पोचायच्या. जानेवारी २०२२ मध्ये ही बातमी छापून आली आणि मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून तिची दखल घेतली. गाळ्यातल्या माणसांना त्या बातमीत नवीन काहीच वाटलं नसेल. त्यांच्या बहिणी-भाच्यांचं हेच चाललं होतं.

पण सगळ्यात चक्रावून टाकते ती कांदाटी खोऱ्याची एसटी. शिंदी, उचाट, अकल्पे, लामज, वाघावळे ही गावं कागदावर सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यात. तालुक्याला जायचं तर पाणी आडवं. म्हणून त्यांची एसटी येते ती रत्नागिरी जिल्ह्यातून, खेडच्या आगारातून, रघुवीर घाट चढून. म्हणजे सातबारा एका जिल्ह्यात आणि बाजारहाट दुसऱ्या. घाटरस्ता होण्याआधी तर चकदेवच्या कड्यावरच्या शिड्या उतरून माणसं कोकणात जायची, डोक्यावर ओझं घेऊन. पावसाळ्यात रघुवीर घाटात दरड आली की ती वाटही बंद.

आणि इथं मला त्या कागदावरची शेवटची ओळ कळली. मे महिन्यात पाणी पाहून. धरणाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडत सोडत मे उजाडतो, तोवर जलाशय खूप आत सरतो. जिथं लाँच लागायची तिथं भेगाळलेला चिखल. बुडालेली देवळं, घरांची जोती वर येतात. मोकळ्या झालेल्या गाळावर लोक पीकही घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. पण लाँच काठाला लागत नाही. पुढं धुवाधार पाऊस सुरू झाला की वारा, लाटा आणि धुकं. म्हणजे वर्षात असे काही आठवडे असतात की पाण्यातूनही नीट जाता येत नाही आणि जमिनीवरूनही नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, अलास्कात, युपिक लोकांची अशीच गावं आहेत. युकॉन आणि कस्कोक्विम या दोन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात पन्नासेक गावं, आणि बाहेरून तिथं नेणारा एकही रस्ता नाही. उन्हाळ्यात नदीवर होड्या चालतात. हिवाळ्यात नदी गोठते, इतकी की कस्कोक्विमच्या बर्फावरचा हिम बाजूला सारून चक्क रस्ता काढतात आणि ट्रक धावतात. पण बर्फ धरताना आणि फुटताना, दोन्ही वेळा, मधले काही आठवडे होडीही चालत नाही आणि गाडीही नाही. विमान उतरलं तर उतरलं. बेथेल हे तिथलं तापोळं. मोठा दवाखाना तिथं. गावोगावी मात्र डॉक्टर नाही. गावातल्याच एखाद्या बाईला किंवा बाप्याला शिकवून तयार करतात. ती व्यक्ती रोग्याला तपासते आणि दूरच्या डॉक्टरला विचारून औषध देते. १९६८ पासून ही व्यवस्था रीतसर चालू आहे. आपल्याकडची आशाताई आठवावी अशी. बर्फ आणि सह्याद्रीचा पाऊस यांचा काय संबंध? पण अंतर किलोमीटरात न मोजता ऋतूत मोजायचं, हे दोन्हीकडच्या माणसांना सारखंच कळतं.

आता पुन्हा करी रोडला येतो, कारण या खोऱ्याचा खरा आधार मला इथंच दिसतो. सरकारी सेवा जिथं पोचत नाही तिथं काय पोचतं, याचं उत्तर त्या गाळ्यातल्या वहीत होतं. दर महिन्याला वर्गणी. त्यातून खोलीचं भाडं, गावच्या देवळाचा पत्रा, शाळेचं छप्पर, नळाचा पाइप, कुणाच्या मयताचा खर्च. गावाहून केईएमला नाहीतर टाटाला उपचारासाठी रोगी आला की त्याचे नातेवाईक याच खोलीत उतरत. पाळीवाला माणूस आपली जागा त्यांना देऊन गॅलरीत झोपे. मी स्वतः पाहिलंय, एक म्हातारी महिनाभर त्या खोलीत होती, मुलाला केईएममध्ये ठेवलं होतं; चाळीतल्या प्रत्येक घरातून तिला आळीपाळीनं भाकरी जायची. नाना रोज संध्याकाळी तिला चालत दवाखान्यात नेत आणि परत आणत.

या मुलखातली माणसं नुसती गिरणीत नव्हती, मुंबईच्या बाजारांत आणि गोदीत ओझं वाहायलाही होती. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील हेही कोयनेकाठच्या पाटण तालुक्यातले, मंद्रुळकोळ्याचे. १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्यातून आला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. कितीतरी गाळ्यांतल्या वळकट्या तेव्हा गावी गेल्या. तरी गाळे टिकले. गिरणी कामगारांची पोरं माथाडीत, कुरिअरमध्ये, टॅक्सीवर लागली आणि वही चालू राहिली.

आज चाळींच्या जागी टॉवर येताहेत. गावाच्या नावावरच्या खोलीचा फ्लॅट कुणा एकाच्या नावावर कसा करायचा, हा प्रश्न सोपा नाही. माझं मत विचाराल तर तो गावाच्याच नावावर राहिला पाहिजे, कारण केईएम अजून तिथंच आहे आणि रोगी अजून येतात.

खोऱ्यातही बदल होतोय. तापोळ्याजवळ शिवसागरावर मोठा पूल उभा राहतोय. तो झाला की पलीकडच्या बऱ्याच गावांची वाट पुन्हा जमिनीवरून जाईल. सगळ्यांची मात्र नाही. तेव्हा बामणोलीला किंवा तापोळ्याला फिरायला गेलात, तर बोटिंगसाठी वेगळ्या बोटी मिळतात, त्या घ्या. जिल्हा परिषदेची सकाळची लाँच ही गावकऱ्यांची एसटी आहे. त्यांची पोती आधी चढू द्या, आणि काठावर कुणी झोळी घेऊन उभं असेल तर आपली जागा सोडा.