नगराचे भविष्यचित्र आणि नागरिकांचा सहभाग : गोंदियाच्या संदर्भात

नगराचा आराखडा आणि नगराचा संकल्प या दोन भिन्न गोष्टी होत. कोणत्या जागेचा कोणता उपयोग व्हावा, हे आराखडा ठरवितो. वीस-पंचवीस वर्षांनी हे नगर कशा प्रकारचे असावे आणि ते कोणासाठी असावे, हे संकल्प ठरवितो. क्रमाने पाहता दुसरा प्रश्न आधीचा होय. व्यवहारात मात्र तो बहुधा विचारलाच जात नाही. समाजाच्या सर्व थरांतील नागरिकांना एकत्र आणून, वस्तुस्थितीच्या आधारे, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारण्याच्या प्रक्रियेस 'सामुदायिक भविष्यचित्रण' म्हणता येईल. अशी प्रक्रिया कशी योजावी आणि गोंदियासारख्या मध्यम आकाराच्या नगरात तिच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहतील, याचा येथे विचार केला आहे.

या कल्पनेचे मूळ भारतीय नगरविचारास अगदीच परके नाही. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी तत्पूर्वी अनेक भारतीय नगरांची पाहणी केली होती. आधी पाहणी, मग निदान आणि त्यानंतर उपाय, हा त्यांचा आग्रह होता. इंदूर येथे त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग स्वच्छ झालेल्या गल्ल्यांतून नेण्याची योजना करून नगरसुधारणेस लोकोत्सवाचे रूप दिले. नागरिक हा योजनेचा केवळ विषय नसून तिचा कर्ताही आहे, हे तत्त्व त्यामागे होते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा नागरिकांना हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार देतो. परंतु त्या अधिकाराचा खरा वापर होतो तो प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतर. त्या वेळी रस्ते आखलेले असतात आणि आरक्षणे पडलेली असतात. स्वाभाविकच, ज्याच्या जमिनीवर आरक्षण आले तो हरकत घेतो. ज्याला जमीनच नाही, तो गप्प राहतो. अशा रीतीने लोकमत म्हणून जे नोंदविले जाते, ते पुष्कळदा मालमत्तेचे मत असते. मुंबईचा अनुभव या दृष्टीने बोधप्रद आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्येच ते नव्याने तयार करण्याचा आदेश शासनास द्यावा लागला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि आराखडा अमलात येण्यास २०१८ उजाडले. पुरेसा संवाद आधी झाला नाही, तर तो कलहाच्या रूपाने मागाहून होतो, असा याचा अर्थ.

गोंदियाचा विचार करताना प्रथम त्याच्या घडणीकडे पाहिले पाहिजे. हे नगर रेल्वेने घडविले. १८८० च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे जाणारा मार्ग येथून गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्यातून जबलपूरकडे जाणाऱ्या नॅरोगेज मार्गाची त्यात भर पडली. धान, तेंदूपाने आणि लाकूड यांची ही पेठ बनली. भातगिरण्या आणि बिडीचा व्यवसाय वाढला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्ह्याचे ठाणे झाले. २०११ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या सुमारे १ लाख ३२ हजार, तर आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची १३ लाखांहून अधिक होती. म्हणजे नगराच्या सीमेत राहणाऱ्या एका माणसामागे त्या नगरावर बाजार, दवाखाना, शिक्षण वा कचेरीसाठी अवलंबून असणारी कित्येक माणसे सीमेबाहेर आहेत. नगराच्या भवितव्यात त्यांचा वाटा मोठा आहे; नगरपरिषदेच्या मतदारयादीत मात्र त्यांचे नाव नाही.

दुसरी अडचण घटनात्मक आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, त्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या नगरांसाठीच. गोंदिया या मर्यादेच्या बरेच खाली येते. जिल्हा नियोजन समिती आहे. तिचे किमान चार-पंचमांश सदस्य निर्वाचित प्रतिनिधींतून निवडले जातात. परंतु प्रतिनिधी आणि वस्ती यांच्यामध्ये विचारविनिमयाची कायम पायरी या घटनादुरुस्तीने अशा नगरांसाठी अनिवार्य केलेली नाही. ती पायरी भविष्यचित्रणाच्या योजनेने निर्माण करावयाची आहे.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात रूढ झालेल्या पद्धतीत चार प्रश्न क्रमाने विचारले जातात : आपण आज कोठे आहोत, आहे त्याच वाटेने कोठे जाऊ, कोठे जावेसे वाटते आणि तेथे कसे पोहोचावे. हा क्रम गोंदियासही उपयुक्त आहे. मात्र त्याची मांडणी स्थानिक असावयास हवी.

पहिल्या प्रश्नासाठी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत सुबोध वस्तुस्थितीपत्रक हवे. येथील बाजाराची बोली बव्हंशी हिंदी आहे, कचेरीची मराठी आहे, आणि अनेक घरांत पोवारी वा गोंडी बोलली जाते. एकाच भाषेत चाललेली सभा कोणाला तरी श्रोता करून ठेवते. पत्रकाचे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीतून होऊ शकेल.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण तो परस्परविरोधी हितसंबंध उघडे करतो. नगराभोवतीची धानाची बांधी पावसाचे पाणी अडवून धरते; तिच्यावर वस्ती झाली की ते पाणी खालच्या वस्तीकडे वाट काढते. जमीन विकणारा शेतकरी, भूखंड घेणारा नोकरदार आणि सखल भागात राहणारा मजूर यांचे हित एक नाही. भातगिरणीचा मालक, तेथील हमाल आणि गिरणीची राख अंगावर घेणारी शेजारची वस्ती यांचेही नाही. हे विरोध झाकून मिळविलेली एकवाक्यता निरुपयोगी होय.

तिसऱ्या प्रश्नासाठी मोठ्या सभेपेक्षा आठ-दहा जणांच्या लहान बैठका बऱ्या. प्रत्येकाने आपले मत आधी स्वतंत्रपणे सांगावे, मग चर्चा व्हावी, आणि मतभेद उरल्यास तेही नोंदवावेत. बिडी वळणाऱ्या स्त्रियांच्या बैठका त्यांच्या वस्तीत, गिरणीकामगारांच्या पाळी सुटल्यावर घ्याव्यात. काळाचेही भान हवे : रोवणीच्या वा कापणीच्या दिवसांत खेड्यातील माणूस येणार नाही, तेंदूच्या हंगामात वनाश्रित कुटुंब येणार नाही. याउलट दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि दंडारीसाठी पंचक्रोशी लोटते. नगराचे नकाशे व पर्याय तेथेच मांडले, तर सीमेबाहेरच्या माणसाचे मत त्याच्या सोयीने मिळेल.

विचारविनिमयाची परंपरा या परिसरात आहेच. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीचा निर्णय या दोहोंची सांगड घालून दाखविली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला. लहान गावाची रीत नगरास जशीच्या तशी लागू होणार नाही. परंतु निर्णयापूर्वी अभ्यास, हा तिचा गाभा नगरासही घेण्याजोगा आहे.

चौथ्या प्रश्नावर बहुतेक उपक्रम कोसळतात. अमेरिकेतील चॅटनूगा हे प्रदूषणाने कुप्रसिद्ध झालेले औद्योगिक नगर. तेथे १९८४ मध्ये सुमारे १,७०० नागरिकांनी सन २००० साठी ४० उद्दिष्टे ठरविली. जुना वॉलनट स्ट्रीट पूल पाडण्याऐवजी दुरुस्त होऊन १९९३ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला झाला, आणि त्याच वर्षी उद्दिष्टांचा पुनर्विचारही झाला. तेथे संकल्पामागे तो पुढे नेणारी संस्था उभी होती, हे यशाचे मुख्य कारण होय.

यावरून गोंदियासाठी किमान तीन अटी निष्पन्न होतात. प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच नगरपरिषदेने ठराव करून प्रत्येक उद्दिष्टावर लेखी उत्तर देण्याचे मान्य करावे : स्वीकारले तर केव्हा, नाकारले तर का. प्रत्येक उद्दिष्टासोबत जबाबदार यंत्रणा, पहिल्या वर्षाचे काम आणि प्रगतीचे मोजमाप लिहिलेले असावे. आणि वर्षातून एकदा त्याचा जाहीर हिशेब व्हावा.

अशा प्रक्रियेने निधी वाढत नाही, सत्तेची विषमता नाहीशी होत नाही, आणि निर्वाचित सभागृहाची जागाही तिला घेता येत नाही. आश्वासनाशिवाय घेतलेल्या बैठका तर उलट अविश्वासच वाढवितात. एकदा बोलावून न ऐकलेला मजूर दुसऱ्यांदा येत नाही. तथापि विकास आराखड्याची सुधारणा सुमारे वीस वर्षांतून एकदा होते, आणि एकदा भरलेली बांधी पुन्हा बांधी होत नाही. म्हणून नकाशावर पहिली रेषा ओढली जाण्यापूर्वी जो काळ मिळतो, तोच नगराने स्वतःशी विचार करण्याचा काळ होय.